रुक्मिणीच्या मुलखात प्रेमकथेचे वावडे?

माननीय संपादक,
स. न.

कापसाची वेचणी आटोपली की आमच्या ‘ड’ वर्ग वाचनालयात बायकांची ये-जा वाढते. मागणी कशाला? तर राजवाड्यातल्या, गढीवरल्या प्रेमकथांना. त्यातही नायिका धीट हवी. समितीतले काका मात्र ‘असलं काय वाचता’ म्हणत रजिस्टर पुढे सरकवतात.

असलं म्हणजे कसलं? तिवसा तालुक्यातले कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर. भावाने ठरवलेला शिशुपाल नको म्हणून तिने स्वतः कृष्णाला पत्र धाडले. अंबिकेच्या दर्शनाला जाईन, तिथून मला ने, असा बेतही तिचाच. तिकडे चंद्रपुरात गोंड राणी हिराईने पती बीरशहाची देखणी समाधी बांधली आणि त्याच्यामागे राज्यकारभारही पाहिला. धिटाई आणि प्रेम दोन्ही इथल्याच मातीतले की!

या कादंबऱ्यांत इतिहास कधी लंगडतो, हे मान्य. जरीच्या शालूत कोसभर घोडा पिटाळणारी नायिका पाहून मलाही हसू येते. पण माझ्याकडून पुस्तक नेणारी शेजारीण परवा म्हणाली, “थे घोड्यावर एकटी जाते, अन् मले बँकेत एकटीले जाऊ देत नाईत.” त्या पुस्तकात तिने काय वाचले, ते मला तेव्हा कळले.

पुढच्या ग्रंथखरेदीची यादी करताना समितीने चार वाचक बायकांनाही बोलवावे. चहा आम्ही आणू.

– एक वाचक, जि. अमरावती