तू सांगितलेलं बाळंतपण

प्रिय चिऊ,

तू आत्ता माझ्या कुशीला गाढ झोपली आहेस. माझी वेणी मुठीत धरून ठेवली आहेस, त्यामुळे मला फारसं हलता येत नाही. भिंतीला टेकून, मांडीवर वही ठेवून लिहिते आहे. वीज संध्याकाळीच गेली. कंदिलाच्या उजेडात अक्षर वाकडं येतंय, पण उद्यावर ढकललं तर राहूनच जाईल.

आज मला सदतीस आठवडे पूर्ण झाले. उद्या सकाळी मी आणि बाबा शहरात, दवाखान्याजवळ राहायला जाणार आहोत. तू आजीजवळ राहशील आणि बाबा तुला एक दिवसाआड माझ्याकडे घेऊन येतील. हे तुला चार वेळा सांगून झालंय. प्रत्येक वेळी तू मान डोलावलीस आणि थोड्या वेळाने विचारलंस, "म्हणजे आज नाही ना?" आज नाही, चिऊ. उद्या.

का जातेय तेही लिहून ठेवते. तुझ्या वेळी कळा सुरू झाल्यापासून तू येईपर्यंत चौदा तास गेले होते. रात्री शेजारच्या काकांच्या जीपमधून निघालो, पावसाने रस्ता खचलेला, दीड तास वाटेतच गेला. तरी काही बिघडलं नाही, कारण वेळ हाताशी होता. दुसऱ्या खेपेला तसं नसतं. शरीराला वाट माहीत झालेली असते, बाळ बहुधा पहिल्यापेक्षा बरंच लवकर येतं. रस्ता मात्र तेवढाच लांब राहतो. म्हणून या वेळी आपणच आधी जाऊन थांबायचं ठरवलं.

हे पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. तुला साडेतीन वर्षं पुरी व्हायला अजून दोन महिने आहेत. या वयाच्या आधीचं मोठेपणी बहुतेकांना फारसं आठवत नाही. मलाही माझं आठवत नाही. म्हणजे तू, मी, बाबा, आजी आणि गोठा, एवढंच घर होतं ते दिवस तुझ्या हातून निसटून जाणार. ते मी तुझ्यासाठी धरून ठेवते आहे. आणि त्यातच माझी एक चूकही आहे. ती कुणी दुसऱ्याने सांगण्याआधी मीच तुला सांगायला हवी.

पोट दिसायला लागल्यापासून मी तुला सारखं "नाही" म्हणत होते, आणि प्रत्येक "नाही"च्या मागे बाळाचं नाव लावत होते. उडी मारू नको, बाळ आहे. आत्ता झोका नाही, बाळ आहे. परसात वाफे करताना तुला माझ्यासारखे हातमोजे हवे होते, तेव्हाही मी तेच म्हटलं, हे बाळासाठी आहेत. (मांजरं परसात फिरतात, त्यांच्या विष्ठेतले जंतू मातीत राहतात आणि पोटातल्या बाळाला त्यांचा धोका असतो, म्हणून मी हातमोजे घालत होते. पण तुला एक जोड द्यायला काय हरकत होती?) मग एका संध्याकाळी तू फाटकापाशी उभी राहिलीस. टाचेत काटा मोडला होता. दोन्ही हात वर केलेस. आणि मी विचार न करता म्हणाले, "बाळामुळे तुला उचलता येत नाही गं."

तू हात खाली घेतलेस. रडली नाहीस. लंगडत ओट्यापर्यंत आलीस आणि पाय पुढे केलास. त्यानंतर चार दिवस तू एकदाही हात वर केला नाहीस. माझ्या ते लक्षातही आलं नाही. पाचव्या दिवशी तू तुझ्या बाहुलीला भिंतीशी बसवलंस आणि तिला सांगितलंस, "तुला नाही उचलणार. बाळ आहे."

मी चुलीपुढे होते. तिथेच बसून राहिले. जो जीव अजून जगात आलाही नाही, त्याला मी तुझ्या आणि माझ्या मधे भिंत करून उभं केलं होतं. आणि ते खरंही नव्हतं, चिऊ. दुखत होती ती माझी कंबर. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना विचारलं, तर त्या म्हणाल्या, तब्येत ठीक आहे, सोसवत असेल तर उचला, फक्त वाकू नका, गुडघ्यात बसून तिला अंगाशी धरून उठा. दुखलं तर नका उचलू. झालं, एवढंच होतं. तेव्हापासून मी बाळाचं नाव घेणं सोडलं. "माझी कंबर दुखतेय, मी खाली बसते, तू मांडीवर ये," असं म्हणते. मांडी दर आठवड्याला थोडी थोडी कमी होत गेली, पण तू दरवेळी जागा शोधलीस. आता तू एका मांडीवर आडवी बसतेस आणि कान पोटाला लावतेस.

आता गाईचं सांगते. हे मला सगळ्यात जास्त जपून ठेवायचं आहे.

आपली गाय आणि मी, दोघी जवळपास बरोबरीनेच होतो. ती महिनाभर पुढे. गाईचे दिवस साधारण २८० ते २८५, माणसाचे शेवटच्या पाळीपासून मोजले तर २८०, म्हणजे सारखेच म्हण ना. दरवेळी गाय व्यायला झाली की मी रात्र रात्र गोठ्यात बसते. या वेळी डॉक्टरांनी बजावलं होतं, जनावर विताना जवळ जायचं नाही, वारेला आणि त्या पाण्याला हात लावायचा नाही. त्यातून येणाऱ्या काही जंतूंमुळे गर्भ दगावू शकतो. म्हणून मी अंगणात, दूर ओट्यावर बसले. आत आजी. आणि तू आजीने आखून दिलेल्या रेषेवर, गोठ्याच्या दारात.

पहाट व्हायची होती. गाय हुंकारत होती, ते मला ऐकू येत होतं, पण दिसत काहीच नव्हतं. मग तुझा आवाज आला. "आई, पाण्याचा फुगा आला!" पाणमोट. थोड्या वेळाने, "फुटला!" मग बराच वेळ काही नाही. मग, "पाय!"

"किती?"

"दोन."

"खुरांचे तळवे जमिनीकडे आहेत का वर?"

तू आजीला विचारलंस आणि ओरडलीस, "जमिनीकडे!" मला हायसं वाटलं. पुढचे पाय, सरळ येतंय वासरू. वर असते तर काळजी होती. मग तू म्हणालीस, "नाक आलं. जीभ बाहेर आहे. ती हलत नाहीये." तेवढ्यात मी उठून उभी राहिले होते. पोटावर हात होता. आत आपलं बाळही ढुशा देत होतं. आणि मग एक धप्प आवाज, आणि तू किंचाळलीस, "पडलं! आई, पडलं! डोळे उघडे आहेत!"

तू हात पसरून माझ्याकडे धावत निघालीस आणि आजीने मागून हाक मारली, आधी हात धू, कपडे बदल, मग आईला शिव. तू अर्ध्या अंगणात थांबलीस. उलटी वळलीस. हौदापाशी जाऊन साबणाने कोपरापर्यंत हात धुतलेस, दोनदा. मी बघत होते. त्या दिवशी मला गाय व्यालेली दिसली नाही, पण तुझे ते धुतलेले हात दिसले.

मग माझ्याशेजारी बसून तू पुढचं सांगत राहिलीस. गाय वासराला चाटतेय, खरखर आवाज येतोय. त्या चाटण्याने अंग कोरडं होतं, रक्त खेळतं, श्वास लागतो, आणि गाईला आपलं वासरू ओळखू येतं. कालवड होती. उठताना चार वेळा पडली. पाचव्यांदा उभी राहिली तेव्हा तू टाळ्या वाजवल्यास आणि ती घाबरून पुन्हा बसली. तासाभरात ती कासेला लागली. आजीची सगळी घाई त्यासाठीच होती. वासराला पोटात असताना आईकडून रोगाशी लढायची ताकद मिळत नाही, ती सगळी पहिल्या चिकातून मिळते, आणि तोही पहिल्या काही तासांतच प्यायला हवा.

माणसाचं थोडं वेगळं असतं, आणि त्याची तू साक्षीदार आहेस. अठ्ठाविसाव्या आठवड्यात मी डांग्या खोकल्याची लस घेतली तेव्हा तू माझं बोट धरून उभी होतीस. घरी येताना विचारलंस, "सुई तुला टोचली, मग बाळाला कसं मिळणार?" शेवटच्या महिन्यांत आईच्या रक्तातली ती ताकद वारेतून बाळाकडे जाते. पहिले सहा आठवडे त्याला स्वतःला ती लस देता येत नाही, तोवर ही पुरते. आणि आपल्यातही पहिलं पिवळसर दूध असतंच. तुलाही ते पाजलं होतं.

त्या रात्री तू विचारलंस, आपलं बाळ पण लगेच उभं राहील का. मी म्हटलं, नाही, त्याला तर मानही धरता येणार नाही, तीन-चार महिने तरी. चालायला वर्ष लागेल. आणि पहिल्या दिवसांत त्याला वीतभर, फार तर दीड वीत अंतरावरचंच नीट दिसेल. तू थोडा वेळ गप्प होतीस. मग म्हणालीस, "मी जवळ गेले तर मी दिसेन?" हो, म्हटलं. तेव्हापासून तू रोज उशीपाशी तोंड नेऊन सराव करतेस. नाक उशीला टेकलं की मागे सरतेस, पुन्हा जवळ जातेस. आजीला वाटतं खेळ आहे. तो खेळ नाही, हे मला माहीत आहे.

पण तुझा आवाज ते त्याआधीच ऐकतंय. साधारण पंचविसाव्या आठवड्यापासून पोटातलं बाळ बाहेरच्या आवाजाला दाद देऊ लागतं. १९८० साली अमेरिकेत संशोधकांनी पाहिलं होतं की तीन दिवसांच्या आतली बाळंही परक्या बाईपेक्षा आपल्या आईचा आवाज निवडतात. तुझ्या आवाजाचं कुणी पाहिलेलं नाही. पण तू रोज झोपताना पोटाशी तोंड लावून गोठ्याची हकिकत सांगतेस, आणि तू "आणि मग" म्हणालीस की आत हालचाल होते. हे मी हात ठेवून अनुभवलं आहे. तुझं हलणं मला विसाव्या आठवड्यात कळलं होतं, याचं सतराव्यातच कळलं. दुसऱ्या वेळी आईला ओळखू येतं.

गेले पंधरा दिवस तू पुन्हा रात्री अंथरूण ओलं करतेस आणि जेवताना भरव म्हणतेस. याबद्दल तुला घरात कुणी काही बोलणार नाही. धाकटं येणार असलं की मुलांचं असं होतं, आपोआप जातं. आजीला आणि शेजारच्या काकूंना मी हात जोडून सांगितलंय, "आता तू मोठी झालीस" हे वाक्य या घरात नको. तू तीन वर्षांची आहेस. बाळ आल्याच्या दुसऱ्या दिवशीही तू तीनच वर्षांची असशील. आणि तू पहिल्यांदा दवाखान्यात येशील तेव्हा बाळ माझ्या हातात नसेल. ते पाळण्यात असेल, माझे दोन्ही हात मोकळे असतील. बाबांना तसं सांगून ठेवलंय.

चुलीशेजारच्या भिंतीवर एक कागद लावला होता, तो आजी उद्या काढेल. रक्त गेलं, पाणी गेलं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधुक झालं, पोट दुखायचं थांबेना, बाळाची हालचाल कमी झाली, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच काकांना उठवायचं. फोनला रेंज फक्त गच्चीवर मिळते, तेही त्यात लिहिलं होतं. तू त्याच्या कोपऱ्यात लाल खडूने जीप काढलीस आणि जीपमध्ये चार माणसं. चौथं अगदी ठिपक्याएवढं. मी तो कागद आजीला जपून ठेवायला सांगणार आहे.

माझी पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. मघाशी उघडून पाहिली तर त्यात तुझा एक मोजा सापडला. एकच. दुसरा तुझ्या पायात आहे. तो तसाच राहू दिलाय.

सकाळी मी निघाल्यावर कालवडीला पाणी दाखवायला आजीबरोबर तू जायचंस. तिच्या उजव्या पुढच्या पायाला काल खरचटलं होतं. नीट बघ, सूज आहे का, ती त्या पायावर भार देते का, आणि गाय तिथे चाटते का. परवा येशील तेव्हा मला सगळं सांग. मला तिथून काही दिसणार नाही.

तुझी,
आई