लाल इंडिकेटर

म्युनिक, रविवार

प्रिय पम्या,

चार महिने फोन नाही मेसेज नाही, शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत बरी, शुगर होती तिथेच आहे.

डेट्रॉइटहून निघताना गाडी विकून टाक म्हणून तू तीनदा सांगितलंस. आणलीच. सहा महिने स्वतःच्या वापरातली गाडी घरसामानात धरतात, कस्टम ड्युटी नाही, म्हटलं फुकटात जमलं. परवा तपासणीत नापास झाली आणि कारण ऐकून लोळशील, मागचे इंडिकेटर लाल आहेत!

सांगलीत तुझ्या चेतकच्या इंडिकेटरची काच फुटली आणि तू लाल जिलेटिन पेपर चिकटवलास, मी म्हटलं मागच्याला वाटेल ब्रेक मारला, त्यावरून आठवडाभर आपलं बोलणं बंद. तर अमेरिकेत तुझा कायदा चालतो बाबा. मागचा इंडिकेटर लाल चालतो, कित्येक गाड्यांत ब्रेकला आणि त्याला बल्बही एकच. युरोपात पिवळाच पाहिजे. शिवाय मागे धुक्याचा एक लाल दिवा सक्तीचा, तो माझ्या गाडीला नाहीच. हेडलाइटवर डीओटी हा अमेरिकन नियमांचा शिक्का आहे, इथे युरोपचा गोलातला ई लागतो, डिपरचा झोत कुठे तुटावा याचे नियमच वेगळे. आणि हीच गाडी हीच कंपनी इथे पिवळे इंडिकेटर लावून विकते, बोल आता.

पंपावर ९५ बघून वाटलं भारीतलं पेट्रोल, तर ते इथलं साधंच. तिकडचं ९१ म्हणजे साधारण इथलं ९५, मोजायची पद्धत वेगळी. ॲव्हरेजही उलटं, १०० किलोमीटरला किती लिटर लागलं ते सांगतात. माझं गॅलनला ३० मैलांचं ७.८ झालं, तर ही म्हणते बिघडली का गाडी!

हिचंही विकून टाकच चाललंय. पण उजव्या आरशावर ते इंग्रजी वाक्य आहे ना, वस्तू दिसतात त्यापेक्षा जवळ आहेत वालं, अण्णा आले होते तेव्हा दर सिग्नलला मोठ्याने वाचायचे आणि म्हणायचे, मग नीट दिसेल असा आरसा बसवा की लेको. इथल्या आरशांवर काहीच लिहिलेलं नसतं. तुलाच सांगतोय, बाकीचे येड्यात काढतील.

सोनूची ॲडमिशन झाली का? वहिनींचा गुडघा? कळव.

दिवे आणि वायरिंगचा खर्च मेकॅनिकने सांगितलाय, आकडा लिहीत नाही. हो म्हटलंय. आरशाला तेवढा हात लावू नका म्हणून दोनदा बजावून आलो.

तुझा,
संज्या

ता.क. पिवळा जिलेटिन पेपर चालत नाही, विचारून बघितलं.