चष्मा काढून काय काय करता?

डोळ्यांची मापं घेणाऱ्या ताईंना,
सप्रेम नमस्कार.

मोतीबिंदूचं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांचे आभार मी तिथल्या तिथे मानले. तुमचे राहून गेले. नावही विचारलं नाही, म्हणून हे असं उघड पत्र.

डोळ्यात बसवायच्या कृत्रिम भिंगाची पॉवर ठरवायला, माझी हनुवटी मशीनवर टेकवून तुम्ही डोळ्याची लांबी मोजत होतात. आकडा बघून म्हणालात, "पुन्हा एकदा घेऊ." मी मनातून वैतागले होते. मग तुम्ही सांगितलंत, लांबीत १ मिलिमीटर चुकला तर नंबरात अडीच-तीनाचा फरक पडतो. पुढे कधीतरी वाचलं, की १९४९-५० मध्ये लंडनला हॅरल्ड रिडली यांनी पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यात कृत्रिम भिंग बसवलं. भिंग बसलं, पण पॉवरचा अंदाज चुकला आणि पेशंटला भला मोठा मायनस नंबर आला! तेव्हा कुठे तुमच्या 'पुन्हा एकदा'वरचा माझा राग गेला.

पण खरे आभार एका प्रश्नाचे. फॉर्मवर 'दूरचं स्पष्ट दिसावं' यापुढे मी डोळे झाकून खूण केली होती. बहुतेक जण तेच करतात म्हणे. तुम्ही माझा मायनस ६ चा चष्मा हातात धरलात आणि विचारलंत, "आजी, चष्मा काढून काय काय करता?"

सगळंच की! सुई ओवते, भरतकाम करते, आडवं पडून वाचते, बोटात रुतलेलं कुसळ काढते. लहानपणापासून माझा चष्मा दूरचं बघण्यापुरता. बारीक काम आलं की तो कपाळावर जातो. "मग दूरचा नंबर शून्यावर आणला, तर यातलं काहीच बिनचष्म्याचं जमायचं नाही. साध्या भिंगाचा फोकस एकाच अंतरावर असतो," असं म्हणून तुम्ही मला परत डॉक्टरांकडे घेऊन गेलात. नंबर मायनस २.५ वर ठेवायचं ठरलं, म्हणजे ४० सेंटिमीटरवरचं स्पष्ट.

पहिल्या डोळ्यानंतर दुसरा होईपर्यंतचे आठवडे मात्र त्रासाचे गेले. एक डोळा मायनस २.५, दुसरा मायनस ६. जिना उतरताना पायरी नेमकी कुठे आहे ते कळेना. तशी कल्पना तुम्ही दिली होतीत, मीच कानाआड केली.

दूरचं बघायला आता चष्मा आहेच. भेटेल तो विचारतो, "ऑपरेशन करूनही चष्मा?" समजावून थकले. कापड पूर्वीसारखं नाकाशी धरलं तर धूसर दिसतं, तेवढं गेलं. दोन विती लांब धरायची सवय होतेय.

परवा मागे भरलेला उशीचा अभ्रा कपाटातून काढला. वेलीचे देठ काळ्या दोऱ्याने भरलेत अशी माझी खात्री होती. बघते तर निम्मे गडद निळे! पिवळ्या पडलेल्या नैसर्गिक भिंगातून निळं काय आणि काळं काय, सारखंच दिसत होतं. घरातल्या कुणाच्याही ते लक्षात आलं नाही, किंवा आलं तरी बोलले नाहीत. उसवणार नाही मी तो. जोडीचा अभ्रा आता भरायला घेतलाय. सुई माझी मीच ओवली, चष्मा कपाळावर ठेवून.

तुमची एक पेशंट