लाल रंग जपून वापर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र काल रात्री वाचलं. लॉग (यंत्राने स्वतःच्या कामाच्या लिहिलेल्या नोंदी) वाचून डोळे शिणतात, लिनक्सच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, सगळं रंगीत करून घ्यायचंय, सुरुवात कुठून करू, असं विचारलंयस. दोन ओळींत उत्तर देता आलं असतं, पण या बाबतीत मी एकदा चांगलाच पोळलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तीन वर्षांपूर्वी मीही असाच हौसेने रंगवायला बसलो होतो. सीसीझेडई हे साधन हाती लागलं. त्यातून लॉग सोडला की तारीख एका रंगात, सेवेचं नाव दुसऱ्या, आकडे तिसऱ्याच. पडदा बघत राहावासा वाटायचा. त्याच आठवड्यात एक डिस्क खराब होत चालली होती आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, थोड्या थोड्या वेळाने आय/ओ एररची (वाचन-लेखन फसल्याची) ओळ लिहीत होता. ती ओळ माझ्या डोळ्यांसमोरून दोन दिवस जात होती आणि मला दिसली नाही. बॅकअप होता म्हणून निभावलं, तरी शेवटच्या दिवसाचं काम गेलंच. तेव्हापासून माझं ठरलंय: नेहमीच्या ओळीला रंग द्यायचाच नाही. ज्या ओळीसाठी हातातलं काम सोडावं लागेल, रंग फक्त तिला.

कोणती ओळ किती गंभीर, हे आपल्याला नव्याने ठरवावं लागत नाही. सिसलॉग या नोंदी ठेवायच्या पद्धतीत ० ते ७ अशा पातळ्या आहेत: ० म्हणजे आणीबाणी, ३ म्हणजे एरर, ४ वॉर्निंग, ६ साधी माहिती, ७ डीबग. जर्नलसीटीएल (लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टिमडीचं लॉग दाखवणारं साधन) याच पातळ्यांवरून रंगवतं. हल्लीच्या आवृत्त्यांत एरर आणि त्याहून गंभीर सगळं लाल, वॉर्निंग पिवळी, डीबग राखाडी, माहितीची ओळ साधी. मला ही विभागणी मनापासून पटते.

आता तू म्हणशील, त्यातला लाल रंग बदलू कसा? जर्नलसीटीएलमध्ये त्यासाठी सेटिंग नाही. पण रंग मुळात पोचतो कसा ते बघ. प्रोग्रॅम एस्केप हे अक्षर, मग चौकटी कंस, मग आकडा आणि शेवटी एम एवढंच पाठवतो. ३१ म्हणजे लाल, ३३ म्हणजे पिवळा, ० म्हणजे पूर्ववत. ३१ म्हणजे नेमकी कोणती लाल छटा, हे तुझं टर्मिनल ठरवतं. तेव्हा टर्मिनलच्या रंगपेटीतला लाल जरा उजळ कर, जर्नलसीटीएल आपोआप सुधारेल. तिथेच निळाही बघून घे. काळ्यावर गडद निळी अक्षरं वाचणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा.

डीमेसेज (कर्नलचे संदेश दाखवणारं साधन) मात्र थेट ऐकतं. होममधल्या डॉट-कॉन्फिगमध्ये टर्मिनल-कलर्स-डॉट-डी हा फोल्डर करायचा आणि त्यात डीमेसेज-डॉट-स्कीम ही फाइल. एका ओळीत नाव आणि रंग, बस्स. मी ‘एरर’साठी ३७;४१ ठेवलंय, म्हणजे लाल पट्टीवर पांढरी अक्षरं. नाव तिथे ई-आर-आर असं आखूडच लिहायचं. लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्यालाही पट्टी दिसते, म्हणून नुसत्या लाल अक्षरांपेक्षा ती बरी. वेळेचा हिरवा काढून ३८;५;२४५ हा राखाडी दिला. आधी ९० दिला होता, पण सोलराइज्ड या तयार रंगसंगतीच्या गडद रूपात ९० म्हणजे पार्श्वभूमीचाच रंग! वेळ पडद्यावरून गायबच झाली आणि तासभर मी भलतीकडेच चूक शोधत होतो.

चालू लॉगमध्ये एखाद्याच शब्दावर नजर ठेवायची असेल, तर माझी सगळ्यात लाडकी युक्ती सांगतो. ग्रेप या शब्द शोधणाऱ्या साधनाला -ई (मोठा) हा पर्याय आणि रंग ‘ऑलवेज’ दे, आणि शोधायच्या शब्दापुढे उभी दांडी घालून डॉलरचं चिन्ह लिही. डॉलर म्हणजे ओळीचा शेवट, तो प्रत्येक ओळीला असतोच. त्यामुळे एकही ओळ गाळली जात नाही आणि तुझा शब्द तेवढा उठून दिसतो. पिवळा हवा असेल तर ग्रेप-कलर्स या व्हेरिएबलमध्ये एमटी=०१;३३ लिही.

एक जपायचं. मजकूर पाइपमधून, म्हणजे थेट दुसऱ्या साधनाकडे, जात असला की बहुतेक साधनं रंग स्वतःहून बंद करतात, ते योग्यच आहे. सिस्टिमडी-कलर्स=१ देऊन तो जबरदस्तीने चालू ठेवलास तर पुढे लेसला (मजकूर पानापानाने दाखवणारं साधन) -आर (मोठा) दे, पण तसला लॉग फाइलमध्ये कधी साठवू नकोस. मी साठवला होता. शब्दांच्या मधेमधे एस्केपच्या खुणा शिरल्या आणि नंतर समोर दिसणारं वाक्य शोधूनही सापडेना.

आज रात्री फक्त डीमेसेजची फाइल करून बघ आणि आठवडाभर तशीच राहू दे. मग तुझ्या पडद्याचं चित्र पाठव. कुठल्या ओळीवर तुझी नजर आधी गेली, तेही लिही.

तुझाच,
जुना मित्र