लॉगबुकातला तो रिकामा रकाना

छत्रपती संभाजीनगर,
दि. 12 जुलै

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. नांदेडच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवू लागून तुला जेमतेम दोन महिने झाले आणि गेली काही वर्षे मला छळणारा प्रश्नच तू विचारलास: विद्यार्थी लॉगबुकात, म्हणजे रोजच्या कामाच्या नोंदवहीत, स्वतःच्या कामाविषयी जे लिहितो, त्यावर विश्वास ठेवायचा का? माझे उत्तर असे की त्याच्या अंदाजावर विसंबू नये, पण तो अंदाज त्याला लिहायला मात्र लावावाच.

2019 साली क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम, म्हणजे विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काय करता येते यावर भर देणारा, आला, तेव्हा आजन्म शिकत राहणे ही एमबीबीएस झालेल्या डॉक्टरची एक भूमिकाच ठरवली गेली. आपल्याला काय येत नाही हे ज्याला कळत नाही, तो आयुष्यभर शिकणार तरी काय? अडचण अशी की हे कळणे फार अवघड आहे. डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी 2006 साली ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात डॉक्टरांच्या स्वमूल्यमापनाचा आढावा घेतला. स्वतःचा अंदाज आणि प्रत्यक्ष मोजमाप यांच्या 20 तुलनांपैकी 13 मध्ये दोहोंचा मेळ फारसा बसत नव्हता किंवा ते उलट दिशांना जात होते. काही अभ्यासांत तर सर्वांत कमी कौशल्य असलेल्यांचे आणि सर्वाधिक आत्मविश्वास असलेल्यांचेच अंदाज सर्वांत जास्त चुकले होते.

हे वाचताना मला इंटर्नशिपमधली एक पहाट आठवते, जी मी तुलाही कधी नीट सांगितली नाही. पावसाळा होता. शेतातल्या आखाड्यावर जमिनीवर झोपलेल्या दहा-अकरा वर्षांच्या पोराला त्याचा बाप आरोग्य केंद्रात घेऊन आला. पोट दुखते, दोन उलट्या झाल्या, एवढीच तक्रार होती. पोट मऊ होते, अंगावर कुठे दंश दिसत नव्हता. मी आम्लपित्ताचे इंजेक्शन दिले आणि त्यांना बाकावर बसवले. अर्ध्या तासाने सिस्टर म्हणाल्या, “डॉक्टर, पोराच्या पापण्या बघा.” पापण्या उतरल्या होत्या. मण्यार चावली होती. प्रतिविष सुरू केले, हाताने दाबून श्वास देण्याची अंबूबॅग हाती घेऊन त्याला मोठ्या रुग्णालयात पोहोचवले आणि पोर वाचले, ते सिस्टरांच्या नजरेमुळे.

त्या रात्री कोणी मला विचारले असते की मण्यारीविषयी तुला किती कळते, तर मी स्वतःला दहापैकी नऊ गुण दिले असते आणि ते खोटेही ठरले नसते. तिचा दंश दुखत नाही, ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, पहाटे पोट दुखू लागते, हे सगळे मला पाठ होते. माझे चुकले ते असे की मऊ पोट आणि इतकी कळ यांचा मेळ बसत नसताना मी थबकलो नाही, पोर झोपले कुठे होते हेही विचारले नाही. इव्हा आणि रेगेर या वैद्यकीय शिक्षणाच्या अभ्यासकांनी 2005 साली हाच भेद मांडला होता. मला एकंदर किती येते याचा हिशेब वेगळा आणि काम चालू असताना ‘इथे थांबावे’ हे जाणवणे वेगळे. शिकवायचे आहे ते हे दुसरे, असे माझे ठाम मत आहे.

म्हणून मी असे करतो. विद्यार्थी रुग्ण तपासून आला की माझी तपासणी-यादी पाहण्याआधीच त्याने दोन गोष्टी लिहायच्या: स्वतःला किती गुण देतोस, आणि नेमकी शंका कुठे आली. मग यादी समोर ठेवायची आणि दोन्हींतल्या फरकाविषयी एकट्याशी, दार लावून बोलायचे. हे गुण अंतर्गत मूल्यमापनात अजिबात धरायचे नाहीत. धरले की पोरे खरे लिहिणार नाहीत. शंकेचा रकाना रिकामा ठेवणाऱ्याची मला जास्त काळजी वाटते. प्लीहा हाताला लागली की नाही याची खात्री नव्हती, असे लिहिणारी मुलगी पुढच्या आठवड्यात आपण होऊन पुन्हा रुग्णाजवळ जाते.

दुसरी बाजूही तुला लवकरच दिसेल. आपल्याकडे दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून आलेली कितीतरी मुले स्वतःला कमी गुण देतात. मागच्या सत्रात परभणीकडच्या एका मुलीने स्वतःला दहापैकी तीन दिले. माझ्या यादीवर तिला आठ होते. “जीव घाबरा होतो” म्हणणाऱ्या म्हातारीला तिने इतक्या शांतपणे बोलते केले होते की दम लागणे, छातीतली धडधड आणि रात्री उठून बसणे हे सगळे एकेक करून बाहेर आले. इंग्रजीत केस मांडताना अडखळली म्हणून ती स्वतःला नापास करून बसली होती. तिला मी नुसते “छान” म्हटले नाही, यादीवरची एकेक खूण दाखवली. कोरड्या शाबासकीवर तिचा विश्वास बसला नसता, आणि तो बसू नयेच.

आणखी एक, राउंडला मी स्वतः जिथे अडतो तिथे ते मोठ्याने सांगतो. सुरुवातीला जड गेले. आता विद्यार्थीही सांगू लागले आहेत.

तुझ्या पहिल्या तुकडीचे अंदाज आणि प्रत्यक्ष गुण, नावे काढून, मला पाठव. माझे मी पाठवतो. पोळ्याच्या सुट्टीत भेटलो तर दोन्ही समोर ठेवून बसू. वहिनींना नमस्कार, चिमुकलीला आशीर्वाद.

तुझा,
विनायक