'बघतोय आम्ही' असं म्हणू नकोस

प्रिय आई, बाबा,

रविवारी तुमच्याकडून फोन बंद करायचा राहून गेला आणि पुढचं बोलणं मला ऐकू आलं. काकूंनी विचारलं, "अजून काही जमलं नाही?" आणि आई, तू आवाज खाली आणून म्हणालीस, "बघतोय आम्ही. हिचं कुठे अडतंय, कळत नाही." मग कपबशा उचलल्याचा आवाज आला. मी फोन कानाला धरून तशीच बसले होते.

राग आला नाही, पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, त्याचंही लग्न व्हायचंय. त्याच्याबद्दल कुणी विचारलं की तू किती सहज सांगतेस, "कामात असतो." माझ्या वेळी मात्र तुझा आवाज खाली जातो.

वय निघून चाललंय ही तुमची भीती खोटी नाही. म्हणून गेल्या महिन्यात मी एकटीच डॉक्टरांकडे जाऊन आले. बीजांचा साठा मुलगी जन्मतानाच घेऊन येते आणि पुढे तो कमीच होत जातो. तिशीनंतर मूल राहण्याची शक्यता हळूहळू उतरते, 35 नंतर जास्त वेगाने. मी 31 वर्षांची आहे, हे सगळं नीट समजून घेतलंय. त्यांनी हेही सांगितलं, की मूल होत नसलेल्या जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचंही कारण असतं. दादाला कुणी कधी घाई केली का?

मूल हवंय का, हे माझं अजून ठरलेलं नाही. माझ्या मैत्रिणीला 'एकदा झालं की सगळं सुरळीत होतं' म्हणत घरच्यांनी तयार केलं. बाळ मांडीवर रडायचं आणि ती भिंतीकडे बघत बसायची. सहा महिने मी तिला रोज रात्री फोन करत होते. तिला ज्यांनी घाई केली, त्यांच्यापैकी एकही त्या खोलीत नव्हतं.

बाबा, 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं 16 वं कलम तुम्हीच मुलांना शिकवायचात: लग्न दोघांच्या मोकळ्या आणि पूर्ण संमतीनेच. घरात मला तेवढंच हवंय.

शनिवारी येतेय. आई, मनात असेल ते सगळं मलाच विचार, कितीही वेळ लागू दे. आणि काकूंनी परत विषय काढला, तर "ती ठरवेल" एवढंच सांग. आवाज खाली न आणता.

तुमची,
ताई