तिसरी बेडरूम आमच्यासाठी घेऊ नका

पुणे

तीर्थरूप आई आणि बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले फ्लॅटचे दोन्ही प्लॅन मिळाले. फोनवर विषय काढला की तुम्ही 'बघू' म्हणता आणि आई मधेच भाजीचे भाव सांगायला लागते, म्हणून सरळ लिहूनच पाठवतेय.

सांगलीच्या गावभागातलं घर सोडायचं हे आता ठरलंय, त्यावर मला काही बोलायचं नाही. २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५. दोन वर्षांत, २०२१ च्या जुलैत, परत तेच. 'आयर्विनला किती झालं, कोयनेतून किती सोडलं' करत सत्तरी ओलांडलेल्या माणसांनी रात्री जागून काढायच्या, हे पुरे झालं. माझं बोलणं आहे ते विश्रामबागेतल्या फ्लॅटबद्दल. तुम्ही तीन बेडरूमचा धरून बसलाय आणि मला वाटतं दोनचा घ्यावा.

तुमचं कारण मला माहीत आहे. 'तुम्ही सगळे आलात की झोपणार कुठे?' दादाचं कुटुंब, आम्ही, चार पोरं. पण बाबा, आम्ही सगळे एका वेळी येतो ते दिवाळीत आणि फार तर मे महिन्यात थोडे दिवस. त्या वेळीसुद्धा पोरं कधी खोलीत झोपलीत? माजघरात ओळीनं गाद्या पडतात, मधली जागा कुणाची यावरून भांडणं होतात आणि आई दोनदा उठून पांघरुणं सारखी करते. नव्या घरातही हॉलमध्ये हेच होईल. राहिलेले दिवस त्या तिसऱ्या खोलीत काय राहणार, तेही मी सांगते. गाद्या, सुटकेसा, आणि 'असू दे, लागेल कधीतरी' म्हणून ठेवलेलं सगळं. माडीवरच्या मागच्या खोलीत आज हेच आहे.

आता हिशेब. ब्रोशरवर मोठ्या अक्षरात १४८० चौरस फूट लिहिलंय, तो आकडा विसरा. रेरा या घरखरेदीच्या कायद्यानुसार बिल्डरला कार्पेट एरिया, म्हणजे आतली प्रत्यक्ष वापरायची जागा, सांगावाच लागतो आणि तो खाली बारीक अक्षरात आहे, तीन बेडरूमचा १०१० आणि दोनचा ७६० चौरस फूट. कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात, गॅलरी धरत नाहीत, तेवढं लक्षात ठेवा. म्हणजे फरक अडीचशे चौरस फुटांचा आणि त्याचे चौदा लाख. तेच चौदा लाख पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या योजनेत टाकले, तर सध्याच्या ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला २८,७०० रुपये हातात येतात. त्यात कामाला पूर्ण वेळ बाई ठेवता येईल, दिवाळीत आमच्यापैकी एका घराला जवळच्या लॉजवर दोन खोल्या घेऊन देता येतील. (आई, 'पोरं लॉजवर?' म्हणून ओरडू नकोस. उदाहरण दिलं.)

पण लहान घर म्हणजे चांगलं घर, असलं काही मी म्हणत नाही. साधेपणावर भाषणं देणाऱ्यांना पुण्यातल्या ४२० चौरस फुटांत दोन पोरं आणि घरून काम करणारा नवरा घेऊन एक पावसाळा काढायला सांगावं. आम्ही काढलेत. जागा कमी पडली की माणसं एकमेकांवर खेकसतात, आणि त्यात कुणाचा दोष नसतो. म्हणूनच एका बेडरूमचा घ्या असं मी म्हणणार नाही. तुम्हा दोघांना बंद होणारी दोन दारं हवीतच. बाबा, तुमच्या बातम्या दुपारी दोनला जोरात लागतात आणि आईला त्याच वेळी डोळा लागतो. आज तुम्ही सोप्यात आणि ती आतल्या खोलीत असते, मधे दोन भिंती आहेत, म्हणून पन्नास वर्षांचा संसार नीट चाललाय. दुसरी खोली तुमची. तिथे टीव्ही, आरामखुर्ची, तुमच्या फायली. आम्ही आलो की त्यात आम्ही.

गेल्या खेपेला घरी आले तेव्हा तुम्ही घराचा किती भाग वापरता ते नुसतं बघत होते. खालीवर धरून अठराशे चौरस फूट होईल. आजोबा मात्र चौरस फुटांत कधी बोलले नाहीत, ते खणांत बोलायचे, दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. त्यांच्या वेळी घरात अकरा माणसं होती आणि आत्या बाळंतपणाला आल्या की आणखी. आता तुम्ही वापरता ते सोपा, स्वयंपाकघर, आतली खोली आणि न्हाणी. माडीवर फक्त आई जाते, पापडाचा डबा नाहीतर चटणीची बरणी आणायला. तो जिना मी खालून बघत होते. एका हातात डबा, दुसऱ्या हातात वरून सोडलेला दोर, पायरी इतकी अरुंद की टाच बाहेर राहते, आणि वरच्या वळणावर ती डबा आधी पुढच्या पायरीवर ठेवते, मग स्वतः चढते. ऑपरेशन झालेल्या गुडघ्यानं. मला खालून हाकही मारवेना, दचकेल म्हणून.

तेव्हा जागा कुठे कमी करायची त्यापेक्षा कुठे अजिबात सोडायची नाही, त्यावर बिल्डरशी भांडा. पहिलं स्वयंपाकघर. प्लॅनमध्ये ते सात बाय आठ आहे, ५६ चौरस फूट. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये स्वयंपाकघराला किमान पाच चौरस मीटर सांगितलेत, म्हणजे साधारण ५४ चौरस फूट. कोडला चालतं, आईला चालणार नाही. वर्षाची चटणी, हळद, ज्वारी, सांडगे, लोणच्याच्या बरण्या, हे सगळं त्यात कसं मावणार? 'आता विकत आणू' असं ती म्हणेल, पण आणणार नाही, हे आपल्या तिघांनाही माहीत आहे. हॉल मात्र बावीस फूट लांब दिलाय. कुणासाठी? लग्नाचं बोलणं करायला आता कुणी यायचं राहिलेलं नाही. हॉलमधले चार फूट स्वयंपाकघराकडे देऊन मधे कोठीची खोली निघते का, ते विचारा. भिंत बांधून व्हायच्या आधी विचारलं तर करून देतात.

दुसरं बाथरूम. दार दोन फुटांचं आहे. उद्या वॉकर लागला तर आत जाणार नाही. तीन फुटांचं दार, भिंतीला धरायला दांडी आणि उंबरा नको, एवढं आत्ताच सांगून ठेवा. व्हीलचेअर वळायला दीड मीटरचा, म्हणजे पाच फुटांचा गोल लागतो. तेवढं बाथरूममध्ये होणार नाही, पण बेडरूममध्ये पलंगाच्या एका बाजूला तरी राहिला पाहिजे. अशुभ बोलते म्हणू नका. दादाच्या सासऱ्यांच्या वेळी चौकट फोडावी लागली, ती धूळ आणि तो आवाज त्यांना आजारपणात सोसावा लागला.

आणि गॅलरी. याचा तुम्ही विचार केलेला नाही असं मला वाटतं. गावभागात तुमची अर्धी जागा घराबाहेर आहे. सकाळी गणपती मंदिरापर्यंत जाऊन येणं, येताना कट्ट्यावर टेकणं, संध्याकाळी ओट्यावर खुर्ची टाकली की जाता-येता प्रत्येक जण थांबतो. ही जागा कुठल्या खरेदीखतात नाही, म्हणून ती सुटतेय हे कळत नाही. विश्रामबागेत विलिंग्डन कॉलेजच्या बाजूला फिरायला झाडी आहे, पण 'काय बाबा, चहा झाला का?' विचारणारं सुरुवातीला कुणी नसेल. साडेतीन फुटांची गॅलरी म्हणजे कपडे वाळत घालायची जागा. दोन खुर्च्या टाकून मधून माणूस जाईल इतकी रुंद, पाच फुटांची, आणि रस्त्याच्या बाजूची हवी. मागच्या बाजूच्या फ्लॅटला दीड लाख कमी आहेत म्हणून तो घेऊ नका. खालून येणारा-जाणारा दिसला पाहिजे. मजला पहिला किंवा दुसरा बघा, म्हणजे लिफ्ट बंद पडली तरी अडकून पडणार नाही.

सामानाचं काय करायचं, तेच अवघड आहे आणि त्याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. २०१९ ला पाणी ओट्याला लागलं तेव्हा तुम्ही दोघांनी घाईत माडीवर काय नेलं, ते आईनं मला सांगितलं होतं. देव, गॅस, औषधांचा डबा, कागदांची पेटी, दोन गाद्या, तांदूळ, आणि बाबांचा रेडिओ. बोट येईपर्यंत तेवढ्यावर काढलंत. म्हणून तेवढंच लागतं असं म्हणणाऱ्यांतली मी नाही, ते दिवस कसे गेले हे तुम्हालाच माहीत. पण शिसवी कपाट, घंगाळं, बारा पाट, समया हे सगळं नव्या घरात न्यायचं म्हणून खोली वाढवू नका. कपाट दादाला हवंय, त्यानं स्वतः विचारलंय. पाट आणि मोठी पातेली मंदिराच्या प्रसादाच्या स्वयंपाकाला द्या, वापरात तरी राहतील. फोटो आणि पत्रांची ट्रंक मी घेऊन जाते. हे सगळं एका दिवसात उरकायला जाऊ नका. मी आठ दिवसांची रजा काढून येते, आपण एकेक डबा उघडून बघू. आई रडेल, रडू दे, मीही रडेन बहुतेक.

शेवटचं पैशाचं. घर एकट्या आईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. बाबा, तुम्हाला चालेल ना? नाहीतरी घर तिचंच आहे असं तुम्हीच सगळ्यांना सांगत असता. बुकिंगचा चेक देण्याआधी महारेराच्या साइटवर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून बघायचाय, ते माझ्यावर सोडा, फक्त क्रमांक पाठवा.

रविवारी सकाळी दादालाही फोनवर घेते. त्याचं मत तीन बेडरूमचं आहे, हे आधीच सांगते. त्याच्याशी मी भांडेन, तुम्ही मधे पडू नका.

तुमची,
ताई

ता. क. आई, आत्ताच्या न्हाणीचं दार आणि स्वयंपाकघराच्या ओट्याची उंची टेपनं मोजून कळव. ओटा तुझ्या उंचीचाच करून घ्यायचाय, बिल्डरच्या मापाचा नाही.